साठ जणांचं आवतन

रामबाई गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीखाली, पायऱ्या सुरू होतात तिथे डाव्या हाताला बसायची. पुढ्यात गोणपाट, त्यावर मुळ्या, साली, बिया आणि झाकण नसलेले दोन-तीन डबे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर, आणि पाहताक्षणीच माझं डोकं फिरलं. मी पडलो कंपाउंडर. हिंगणघाटच्या एका धर्मादाय दवाखान्यात बारा वर्षं मिक्श्चर ढवळलेला, शिशीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवलेला माणूस. झाडपाल्यावाले दिसले की मला वाटे, आमचे निम्मे रोगी यांनीच बिघडवून आमच्याकडे पाठवलेले असतात. माझा स्वभाव तेव्हा असा होता, आणि आता फार सुधारला आहे असं नलू काही म्हणत नाही.

नलू माझी बायको. तिच्यासाठीच त्या दिवशी गिरडला गेलो होतो. पोळ्यापासून तिला काहीतरी झालं होतं आणि ते कशामुळे झालं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी टाकून बोललं नव्हतं, घरात खायला-प्यायला होतं. पण विळीवर भाजी चिरायला बसली की वांगं हातात तसंच, आणि नलू तासभर तशीच. आंघोळीचं पाणी काढून द्यावं तर ते निवून जाई. केस आठ-आठ दिवस विंचरायची नाही. आधी मी समजावलं, मग रागावलो, मग ‘तुले झालं तरी काय?’ म्हणून ओरडलोही. त्या ओरडण्याचं मला आज वाईट वाटतं. सहा वर्षांची पोरगी आजोळी, वडनेरला नेऊन ठेवली. शेजारच्या आनंदाबाई म्हणाल्या, ‘बाहेरचं असंल, गिरडच्या बाबाकडे घेऊन जा.’ माझा विश्वास नव्हता, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेलो.

चादर चढवून खाली उतरलो तर नलू शेवटच्या पायरीवर बसून राहिली, नेमकी रामबाईच्या शेजारी. रामबाईने मला काही विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने नलूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिलाच विचारलं, “किती दिवसापासून व माय?”

“पोळ्यापासून,” नलू म्हणाली.

“जड वाटते?”

“हो.”

“कुठी?”

नलूने छातीवर हात ठेवला. तीन महिन्यांत मला एका शब्दापलीकडे उत्तर मिळालं नव्हतं, आणि इथे एका अनोळखी गोंड बाईशी माझी बायको बोलत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. रामबाईने एका डब्यातून मूठभर तांबूस बिया काढल्या, म्हणाली, “मालकांगोनी हाये. भाजून, कुटून सकाळी चिमूटभर देजो. मनाचं जडपन उतरते कधी कधी.”

मी बियांवर हात आडवा धरला. “बिनातपासलेलं औषध माह्या घरात येत नाई.”

ती चिडली नाही. बिया पुन्हा डब्यात टाकत म्हणाली, “मंग तपास ना बापा. कोन नाई म्हनते?”

आमच्या दवाखान्यात डॉक्टर प्रभाकरराव होते. मनाच्या आजारांचं शिक्षण घेऊन आलेले, दर बुधवारी त्या आजारांचेच रोगी पाहत. नलूच्या आजाराला नैराश्य म्हणतात, तो नखरा नसतो आणि भूतही नसतं, हे मला त्यांनी समजावलं. त्यांनी गोळ्या दिल्या होत्या. नलूचं तोंड कोरडं पडे, हात थरथरत, तीन आठवड्यांनी तिने गोळ्या चुलीमागे टाकायला सुरुवात केली. गिरडहून आल्यावर मी डॉक्टरांना रामबाईचा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढून झाडाचं नाव लिहून घेतलं.

“रूपराव, जुन्या ग्रंथांत मालकांगोणी बुद्धीला आणि मनाला चांगली म्हणून लिहिलेली आहे,” ते म्हणाले. “खरं आहे की नाही ते मला ठाऊक नाही. ती बाई म्हणते तसं तपासूनच पाहू.”

तपासायची रीत त्यांनी मला अशी सांगितली. आजार फार वाढलेला नाही असे साठ रोगी घ्यायचे. तिसांना मालकांगोणीची पुडी, तिसांना नुसत्या पिठाची. दोन्ही पुड्या रंगाने, वासाने, चवीने सारख्या. कोणाला काय मिळतं ते रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. आठ आठवडे दर बुधवारी डॉक्टर तेच ते प्रश्न विचारणार, झोप कशी, भूक कशी, रडू येतं का. शेवटी यादी उघडायची आणि कोणते तीस जास्त सुधारले ते पाहायचं. ज्यांचा आजार जोरात असेल त्यांना यात घ्यायचं नाही, त्यांना गोळ्याच. आणि प्रत्येकाला आधी स्पष्ट सांगायचं की निम्म्या पुड्या पिठाच्या आहेत, चालत असेल तरच नाव लिहा. चिठ्ठ्या टाकून यादी आधीच केली, कोणत्या नंबराला ‘अ’ बरणी आणि कोणत्या नंबराला ‘ब’. ती यादी एकाच माणसाजवळ राहणार होती, जो पुड्या बांधणार त्याच्याजवळ. म्हणजे माझ्याजवळ. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

बिया आणायला मी रामबाईबरोबर गिरडच्या जंगलात गेलो. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकूण एक गोष्ट वहीत लिहा. वाटेत तिने विचारलं, “किती जन हायेत?” मी म्हटलं, साठ. मालकांगोणीचा वेल एका मोठ्या झाडावर चढलेला होता, पिवळी फळं तडकून आतलं लाल दिसत होतं. मी पिशवी उघडली तर रामबाई म्हणाली, “आज नाई. आज आवतन, उद्या तोडनं.” तिने ओच्यातून हळद लावलेले तांदूळ काढले, एक एक मोजत वेलाच्या मुळाशी ठेवले आणि गोंडीत काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, “सांगतलं, साठ दुखनाईत मानसं हायेत, उद्या त्यायच्यासाठी तुले न्याले येतो, येजो.” साठ दाणे तिने माझ्या डोळ्यांदेखत मोजले. मी वहीत लिहिलं: ‘सायंकाळ. वेल पाहिला. फळे पक्व.’ शास्त्राच्या वहीत तांदळाचे दाणे कशाला, असं मला वाटलं. त्या दिवशी अक्कल माझ्याकडे असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

भाजणं-कुटणं दवाखान्याच्या मागच्या पडवीत झालं. तेही रामबाईनेच केलं, कारण मालकांगोणीचा रंग आणि कडवट तेलकट चव पिठाला आणायची कशी हे तिच्याशिवाय कोणाला जमण्यासारखं नव्हतं. भाजलेल्या ज्वारीच्या पिठात तिळाची पेंड आणि कडूनिंबाचा पाला, असं तिनेच सुचवलं. पीठ कोणासाठी ते तिने विचारलं, डॉक्टरांनी समजावलं, तिने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी दोन बरण्या भरून तयार. उघडून पाहिल्या तर उजवी कोणती डावी कोणती, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डॉक्टर खूश. म्हणाले, “काय हात आहे बाईचा!” उजवी औषधाची, डावी पिठाची असं आधीच ठरलं होतं, त्याप्रमाणे मी ‘अ’ आणि ‘ब’ चिकटवलं आणि पुड्या बांधायला बसलो.

कुटण्यापासून रोग्यांची नावं लिहून होईपर्यंत रामबाई हिंगणघाटलाच तिच्या भाचीकडे राहत होती. दुपारी आमच्या घरी जाऊन बसायची. औषध दिलं नाही तिने, मला शब्द दिला होता. ती फक्त नलूचे केस विंचरायची. ती बोलत असे ते स्वतःचंच. नवरा जंगलू लाकूडकटाईवर गेला आणि अंगावर झाड पडून मेला, तेव्हा वर्षभर आपण कशा भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि सासूने, भागीरथाने, हात धरून जंगलात नेऊन एक एक झाड ओळखायला कसं शिकवलं. नलू ऐकत असे की नाही देव जाणे. पण एका बुधवारी मी पुड्यांच्या टेबलाशी होतो आणि रांगेत नलू उभी दिसली. विंचरलेले केस, धुतलेलं लुगडं, शेजारी रामबाई. डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं, पिठाचंही सांगितलं. नलू म्हणाली, “चालते मले.” वहीत तिचा नंबर पडला एक्केचाळीस.

मी यादी काढली. एक्केचाळीस, ‘ब’. पीठ.

आता मी जे सांगतो ते पुढे आठ वर्षं कोणाला सांगू शकलो नाही, निदान ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला. दर मंगळवारी मी माझ्या बायकोच्या सात पुड्या बांधायचो. हात ‘अ’ बरणीकडे जायचा. एक चिमूट बदलली असती तर कोणाला कळणार होतं? पण तपासल्याशिवाय नाही म्हणणारा मीच. यादी राखणारा मीच. एका नंबरात लबाडी केली की साठही नंबर खोटे, हे मीच इतरांना ऐकवलेलं. मी हात परत आणायचो आणि ‘ब’ उघडायचो. सकाळी पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो, कारण पुडी घरच्या माणसासमोर घ्यायची असा नियम होता. ती मुकाट्याने पीठ गिळायची आणि मी दुसरीकडे पाहायचो. असा नवरा कोणाच्या नशिबी येऊ नये, असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी तेच करायचो.

पाचव्या आठवड्यात मी जेवायला वाढलं, सहा महिने स्वयंपाक माझ्याकडेच होता. नलूने वरणाकडे पाहिलं आणि म्हणाली, “अवो, येवढी हयद काऊन टाकता? वरन हाये का रंगपंचमी?”

मी ताटावरून उठून बाहेर गेलो आणि अंगणात उभा राहून रडलो. मला भांडायला माणूस परत मिळालं होतं. त्या आठवड्यात तिने गाद्या उन्हात घातल्या, आनंदाबाईंकडे जाऊन बसली, आणि सातव्या आठवड्यात म्हणाली, पोरीला घेऊन या. वडनेरहून पोरगी आली तेव्हा नलूने तिला मांडीवर घेऊन उवा काढल्या, आणि मी देवाचे, डॉक्टरांचे, ज्याचे त्याचे आभार मानत घरभर फिरलो.

एवढं सुख पचवून गप्प बसावं की नाही? पण माझ्या डोक्यातला कंपाउंडर जागा झाला. नलू सुधारली ती पिठावर! म्हणजे मालकांगोणीत काडीचा दम नाही. गिरडला त्या बाईने मला गप्प केलं होतं त्याचं कुठेतरी सलत असणार. ती बुधवारी दवाखान्यात आली तशी मी तिला पडवीत गाठलं आणि जे मरेपर्यंत पोटात ठेवायचं ते ओकलो. “मावशी, तुह्या बियाईनं काई होत नाई. नलूले मी दोन महिने जवारीचं पीठ चारून राह्यलो. पाह्य कशी खडखडीत झाली.”

रामबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

“तुले मालूम होतं?” ती म्हणाली. “मालूम असून देत होता तू तिले पीठ?”

“नियम हाये तसा.”

ती पडवीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, “निस्तं पीठ नाई ते. दोन्ही बरन्यायमंधी अर्धं अर्धं हाये.”

मला आधी समजलंच नाही. तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मालकांगोणी आणि पीठ तिने वेगवेगळं कुटलं, आणि मग एका परातीत एकत्र करून दोन्ही बरण्यांत सारखं भरलं. म्हणूनच तर त्या ओळखू येत नव्हत्या.

“काऊन केलं असं?” मी ओरडलो.

“साठ जनायचं आवतन देऊन आलो होतो मी. तुह्यासमोर देल्लं. तिकडे साठ सांगाचे अन् इकडे तिसायलेच द्याचं? पंगतीत बसवलेल्या मानसाले रिकाम्या पत्रावळीवरून उठवू का मी?”

मी पायरीवर बसलो. दोन-तीन महिन्यांची जुळवाजुळव, डॉक्टरांची आशा, साठ माणसांचे बुधवार, सगळं पाण्यात. आणि त्याच वेळी, लपवत कशाला, माझ्या छातीवरचा धोंडा उतरत होता. मी नियमाने माझ्या बायकोच्या तोंडचं औषध काढून घेतलं होतं आणि या बाईने मला न विचारता ते तिच्या तोंडात घातलं होतं. तिचे पाय धरावेसे वाटले. ते न करता मी काय म्हटलं? म्हटलं, “मावशी, गप राह्य. कोनालेच समजत नाई. तुह्यं येनं बंद होईल अन् माह्यी नोकरी जाईल.”

“अन् डाक्टर लिहून बसंल का पीठ अन् मालकांगोनी सारखंच हाये. मंग लोक म्हनतीन, झाडातच काई नाई. झाडावर आळ कशाले?” ती उठली. “चाल. मी सांगतो.”

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मला वाटलं आता भडका उडणार. त्यांनी मला विचारलं, “रूपराव, हे आवतनाचं तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“वहीत नाही ते.”

“नाही लिहिलं.”

“मग चूक आपल्या वहीची आहे. बाईची नाही.” आणि तोंड हातांनी झाकून ते बराच वेळ बसून राहिले. त्यांचं दुःख मला दिसत होतं. पण ते रामबाईला एक वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि माझीही नोकरी राखली. पुढच्या बुधवारी सगळ्या रोग्यांना खरं काय ते सांगितलं. दोघं-तिघं चिडले. एक म्हातारा म्हणाला, “आमाले तं बरं वाटलं, अजून असंल तं द्या.”

जाताना रामबाईने फाटकाशी मला थांबवलं. “मी माह्यं डाक्टरले सांगतलं. आता तू तुह्यं नलूले सांग.” बरण्यांत घोळ झाला हे नलूला कळलं होतं. पण कोणाला काय द्यायचं ते मला माहीत होतं, आणि माझ्या समजुतीत मी तिला पीठच देत होतो, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगतो.

पुन्हा तपासायचं म्हणजे पुन्हा तीस जणांना पीठ द्यावंच लागणार आणि आवतन मोडणार, यावर डॉक्टर जवळजवळ दोन वर्षं अडून बसले होते. तोडगा काढला रामबाईने. “पंगत दोन डाव बसव ना,” ती म्हणाली. “आधी तीस जेवतीन, मंग तीस. साठायचं आवतन तं राह्यलं!” डॉक्टर खुर्चीतून उठले. पहिल्या आठ आठवड्यांत ज्यांना पीठ, त्यांना नंतरचे आठ आठवडे औषध. कोणीही उपाशी नाही आणि तपासणीही होते. ते मला म्हणाले, असं करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं रूपराव, पण ते आपल्याला या बाईने सांगावं लागलं. या वेळी वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहिलं: ‘वेलाला साठ जणांचे आवतन दिले. तांदळाचे दाणे साठ.’

रोगी मिळतील तसे घेत, ऐंशी सालापासून दोन वर्षं ते चाललं. शेवटी यादी उघडली तर मालकांगोणीवाले थोडे जास्त सुधारलेले दिसले. थोडेच. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, आणखी लोकांवर पाहावं लागेल. आणखी लोकांवर पाहणं आमच्या दवाखान्याच्या ऐपतीबाहेरचं होतं. रामबाईला वाईट वाटेल म्हणून मी चाचरत सांगितलं. ती म्हणाली, “मी तरी पक्कं कुठी म्हनलं होतं? मी देतो अन् पाहत राहतो.”

मधल्या काळात ती आमच्या दवाखान्याचीच झाली होती. बुधवारी डॉक्टरांच्या शेजारी तिचं स्टूल असे. रोगी डॉक्टरांकडे तोंड करून बसत आणि बोलत रामबाईशी. एखाद्याला पाहून ती हळूच म्हणे, “याले बिया नोको डाक्टर, हा विहिरीकडे पाहून राह्यला. तुह्या गोळ्या दे, अन् घरच्यायले सांग एकटा सोडू नोका.” तिचा अंदाज सहसा चुकत नसे. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात नलूचा आजार उलटला तेव्हाही तिनेच नलूला दटावलं, “या खेपेले गोळ्या घ्या लागते, अन् चुलीमागं टाकाच्या नाई.” या वेळी गोळ्या वेगळ्या होत्या, बरोबर मालकांगोणीही होती. चार महिन्यांत नलू सावरली. कशाने सावरली? मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. पण सावरली, आणि त्या चार महिन्यांत रामबाई दर आठवड्याला गिरडच्या एसटीने येऊन तिचे केस विंचरून गेली. माझ्या आयुष्यात ज्यांचे उपकार फिटायचे नाहीत अशी माणसं थोडी आहेत, पण पहिलं नाव तिचं.

आली की नलूची नजर चुकवून ती मला विचारायची, “सांगतलं?” मी म्हणायचो, नाही अजून. ती मान हलवायची. तिने एकदाही नलूजवळ विषय काढला नाही. तिच्या पोटात गोष्ट सुरक्षित होती, माझ्याच पोटात दुखत होती. नलू हसत असली की वाटे, आता कशाला, चांगलं चाललंय. नलू गप्प असली की वाटे, आता नको, पुन्हा बिघडेल. अशी आठ वर्षं गेली.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात रामबाई गेली. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं. निरोप मिळाला तसे मी आणि नलू गेलो. तिच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिला मूठमाती दिली. बुधवारचे कितीतरी रोगी आले होते, डॉक्टर प्रभाकररावही होते आणि उन्हात उघड्या डोक्याने उभे होते. माती लोटताना मला एकच गोष्ट समजत होती, की आता ‘सांगतलं?’ म्हणून विचारणारं कोणी उरलं नाही. आता मी सांगितलं नाही तर कोणालाही कळणार नाही. त्या विचाराने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली भीती.

परतीच्या एसटीत भर दुपारी, नलू खिडकीशी बसलेली असताना, मी सांगितलं. यादी, एक्केचाळीस नंबर, ‘ब’ बरणी, दर मंगळवारचे माझे हात, सगळं. तिच्याकडे पाहून सांगितलं.

समुद्रपूर येईपर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग म्हणाली, “रामबाईले मालूम होतं?”

“हो.”

“अन् तुमी रोज द्याचे? पीठ हाये म्हनून मालूम असून?”

“रोज.”

“लाज नाई वाटली?”

“वाटली.”

“मंग झोप लागे तुमाले?”

“नाई,” मी म्हटलं. “रात रात डोळा लागत नोहता. तुह्याकडे पाठ करून पडून राहो.”

नलूने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते. रागाने की रडण्याने ते मला कळेना, हात लावायची हिंमत होईना. मग तिनेच माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

“मी बी जागीच राहो ना,” ती म्हणाली. “मले वाटे, साऱ्या जगात मी एकटीच जागी हावो. एक डाव आवाज तं द्याचा होता.”